शेजारपत्रातला ताप

“मला ताप कधी आला, तेवढंच सांगा ताई,” धाकटी दारातूनच म्हणाली. तिच्या एका हातात सुपाचा डबा होता, दुसऱ्यात तापाच्या गोळ्यांचं पाकीट. “दातांच्या डॉक्टरीणबाई सूप घेऊन आल्या. मी स्टुलावर चढून पंखा पुसत होते. त्या माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे!”

“मग उतरायचं ना खाली,” थोरली स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली.

“उतरून काय करू? कण्हत बसू?”

“अगं, पण झालंय काय?” सासूबाईंनी विचारलं.

“तुमच्या मोठ्या सुनेने अकराशे चाळीस घरी कळवलंय की मी अंथरुणाला खिळलेय. औषधवाल्याने गोळ्या पाठवल्या, त्याही फुकट. उद्या कोणी फुलं घेऊन येईल.”

कळवलं होतं, हे खरंच होतं. पण ते का कळवलं, हे थोरलीने अजून स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

थोरली म्हणजे सार्वजनिक वाचनालयाच्या काउंटरवर सव्वीस वर्षं बसलेली बाई. निवृत्त झाली तेव्हा लोक म्हणाले, आता आराम करा. तिने तीन आठवडे आराम केला आणि चौथ्या आठवड्यात वही घेऊन दारोदार फिरून ई-मेलचे पत्ते गोळा करायला लागली. दुखऱ्या गुडघ्याने चार-चार मजले चढली. दर शुक्रवारी सकाळी सात वाजता तिचं ‘शेजारपत्र’ निघू लागलं. पाणी कधी बंद, रस्ता कुठे खणलाय, दवाखान्यातले डॉक्टर कोणत्या दिवशी रजेवर. नियम एकच: स्वतः पाहिल्याशिवाय एक ओळही जाणार नाही. गुरुवारी ती पंपाच्या खोलीपाशी जाऊन विचारायची, खड्ड्यात वाकून बघायची. चार वर्षांत तिची एक बातमी चुकली नव्हती. लोक तिच्या पत्रावरून बादल्या भरत.

तिसऱ्या वर्षी तिने जाहिराती घ्यायला सुरुवात केली. चष्मेवाला, सायकल दुरुस्तीवाला, बेकरीवाला. हात भरून आला तेव्हा तिनेच धाकट्या जावेला म्हटलं, “ते हरवलं-सापडलं तेवढं तू लिही. चार ओळींचं तर काम.”

धाकटीने चार ओळी लिहिल्या. “करडं मांजर हरवलेलं नाही, ते चिडून गेलंय. मालकांनी आधी माफी मागावी.” “बसथांब्यावर डाव्या हाताचा मोजा सापडला आहे. उजवा हात थंडीने काकडत असेल, त्याने संपर्क साधावा.” पुढच्याच महिन्यात पत्र उघडणारे दुपटीने वाढले. थोरली रोज आकडे बघायची. पाण्याची वेळ वाचायला माणसं थांबत नव्हती, मांजरापाशी थांबत होती. बाजारात तिला कोणी भेटलं तर हसून विचारायचं, “धाकट्या बाई काय म्हणतायत?” ती सांगायची, “मजेत आहे.” आणि घरी येऊन भांडी आपटायची.

मागच्या सोमवारी बेकरीवाल्याने कळस केला. “बाई, माझी जाहिरात पाण्याच्या खाली नको. मांजराच्या शेजारी लावा. दीडपट देतो.”

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. पाण्यासाठी गुडघे झिजवले तिने, आणि दर ठरवणार मांजर! त्या शुक्रवारी तिने हरवलं-सापडलं गाळूनच टाकलं. तिला वाटलं, कोणाच्या लक्षातही येणार नाही. दहा वाजेपर्यंत त्र्याहत्तर पत्रं आली. सगळ्यांचा प्रश्न एकच. त्र्याहत्तर जणांना उत्तर देणं जिवावर आलं, म्हणून तिने सगळ्या यादीला एकच ओळ पाठवली: “धाकटीला ताप असल्याने या वेळी तिचा मजकूर नाही.”

“मी गुरुवारी मजकूर दिला होता,” धाकटी आता हळू आवाजात म्हणाली. “छत्रीचा. तुम्ही वाचून हसलात, मी पाहिलं.”

“मी हसले नाही.”

“हसलात. मग तोंडावर पदर धरलात.”

थोरलीचा नवरा इतका वेळ पेपराआड होता. त्याने पेपर खाली घेतला. “एक विचारू? ताप आहे याची खात्री केली होतीस? थर्मामीटर लावून पाहिलं होतंस?”

त्याला थट्टाच करायची होती. पण खोलीत कोणी हसलं नाही. थोरली हातातल्या चष्म्याची काडी उघडत-मिटत राहिली. चार वर्षांत न पाहता पाठवलेली ही पहिली ओळ होती. ती लबाडीची होती, आणि अकराशे चाळीस घरांनी ती खरी मानली होती, कारण ती तिने लिहिली होती.

“तो डबा ठेव खाली, हात भाजेल,” ती धाकटीला म्हणाली.

“गार झालाय केव्हाचा.”

थोरलीने चष्मा लावला आणि खुर्ची टेबलाकडे ओढली.

“ऐका सगळे,” ती म्हणाली. “येत्या शुक्रवारी पहिली ओळ दुरुस्तीची जाईल. हिला ताप नव्हता, मजकूर मी काढला होता. खाली माझं नाव. सूप आणि गोळ्या मी स्वतः परत नेऊन देणार. बेकरीची जाहिरात मांजराच्या शेजारी, दीडपटीने, आणि ते वरचे पैसे हिचे. पण हरवलं-सापडलं सगळ्यात खालीच राहील. ज्याला मांजर हवंय, तो आधी पाण्याची वेळ वाचेल.”