गाडीबाहेर काढलेल्या चपला
नव्या सीटवरच्या प्लास्टिकचा वास आला की मला भर उन्हातला सिल्वासाजवळच्या वासोण्याचा रस्ता आठवतो. वडील तेव्हा सायली गावातल्या एका कंपनीत होते आणि आमची पहिली छोटी गाडी नुकतीच सिल्वासात दाराशी आली होती. स्टिअरिंग किती हलकं आहे, एसी कसा झटकन गार होतो, हे ते वाटभर सांगत होते आणि मागे आम्ही दोघी बहिणी प्लास्टिकवरून घसरत होतो. सिंहांच्या सफारीपाशी उतरताना आईने पाय बाहेर टाकला आणि चटका बसून आत ओढला. तिच्या चपला घराजवळच राहिल्या होत्या. “नवी कोरी गाडी, म्हणून बाहेर काढल्या,” ती पुटपुटली. “अगं, गाडी आहे ती, देऊळ नाही!” वडील ओरडले. मग सुट्टीलाही पायात असणारे कंपनीचे जाड बूट काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवले आणि स्वतः नुसत्या मोज्यांवर तिकिटाच्या रांगेकडे पळाले. साडीखाली ते बूट घालून आई दिवसभर ऐटीत फिरली. परवा माझी स्वतःची गाडी आली, आणि तोच वास. आईला पुढे बसवून दार लावताना मी खाली पाहिलं. चपला तिने काढल्याच होत्या, पण या वेळी मांडीवर घेऊन बसली होती.