विठूच्या दारातली लांब गाडी

पडघ्याला हायवे सोडला की शेतांमधून आत जाणाऱ्या रस्त्यावर विठूचं गाव लागतं. गावात त्याला टेम्पोवाला विठू म्हणूनच ओळखायचे. उमेदीची सगळी वर्षं त्याने भिवंडीच्या एका लूमवाल्या शेठकडे टेम्पो चालवण्यात घालवली. कापडाचे तागे भरायचे, गोदामात उतरवायचे आणि परत यायचं, असं त्याचं आयुष्य होतं. टेम्पोचा आवाज जरा घोगरा झाला की विठूला लगेच कळायचं, कुठे काय दुखतंय ते. मग शेठचे लूम बंद पडले, टेम्पो दुसऱ्याच कुणी नेला आणि विठू घरी बसला.

घरी बसलेला नवरा बायजाबाईला फार दिवस बघवला नाही. दापोड्याच्या गोदामात पॅकिंगला जाणाऱ्या बायांकडून तिनेच बातमी आणली, तिथल्या मॅनेजर मॅडमना ड्रायव्हर हवा आहे म्हणून.

मॅडमचं नाव विनिता. दापोड्याचीच मुलगी, वय पस्तिशीच्या पुढे, लग्न केलेलं नव्हतं. जिथे आज गोदामं आहेत तिथे तिच्या वडिलांची, केसरीनाथांची, भातशेती होती. जमीन गेल्यावर केसरीनाथांनी मोठ्या हौसेने एक लांबलचक राखाडी सेडान घेतली होती. मोठे साहेब मागच्या सीटवर बसून पेपर वाचतात ना, तसली. पेट्रोलवरही चालायची आणि गॅसवरही. म्हातारा स्वतः चालवायचा आणि मुलीला रोज कामावर सोडून आणायचा. गाडी त्याने मुलीच्याच नावावर केली होती. मग एका सकाळी चहा पिता पिता तो गेला, आणि गाडी चालवायला कोणी उरलं नाही. विनिताकडे कॉलेजात असताना काढलेलं लायसन्स होतं, पण स्टिअरिंगला तिने कधी हात लावला नव्हता.

पहिल्याच दिवशी विठूची फजिती झाली. त्याने चावी फिरवली, काहीच ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा फिरवली. आतून कर्रर्र असा दात खाल्ल्यासारखा आवाज आला.

"चालू आहे ती," मागून विनिता म्हणाली.

"आवाजच न्हाय हिला."

"नाहीच येत. सुरू पेट्रोलवर होते, मग थोडी गरम झाली की आपणहून गॅसवर जाते."

"मंग मी काय करायचं?"

"तुम्ही फक्त चालवा, विठूदादा."

हे 'आपणहून' काही विठूच्या पचनी पडलं नाही. पुढ्यात एक छोटं बटण होतं. गॅसवर हिरवा दिवा, पेट्रोलवर पिवळा. चालवता चालवता त्याचं लक्ष सारखं त्या दिव्याकडे जायचं. गाडी आत्ता काय पितेय, हे चालवणाऱ्यालाच न विचारता ठरतं, म्हणजे काय?

दोघांची खरी ओळख झाली ती गॅसच्या पंपावर. गॅस भरताना सगळ्यांना गाडीतून खाली उतरावं लागतं, मग तो रिक्षावाला असो नाहीतर मॅनेजर. रिक्षांच्या त्या लांब रांगेत विनिता बाजूच्या कट्ट्यावर बसायची आणि बोलायची. वडिलांबद्दल, गोदामातल्या शिफ्टबद्दल, आणि भावाबद्दल. भाऊ भाविक शेताचा उरलेला शेवटचा तुकडाही विकायचं म्हणत होता, आणि ती सही करत नव्हती. विठू ऐकून घ्यायचा. मधेच "हो ताई" म्हणायचा. मॅडम म्हणायचं सोडून तो ताई कधी म्हणू लागला, हे त्यालाही आठवत नाही.

थंडीतली एक सकाळ. विनिताने सांगितलं, आज गोदामावर नाही, वज्रेश्वरीला जायचं. देवीला जायचं असेल असं विठूला वाटलं. पण ती देवळाच्या पायऱ्यांपाशी नुसती उभी राहिली, मग गरम पाण्याच्या कुंडांकडे जाऊन पाय बुडवून बराच वेळ बसली. परत आली तेव्हा तिच्या चपला ओल्या होत्या.

"विठूदादा, तुम्ही गाडी घेऊन जा. मी बसने जाते."

"का ताई? माझं काही चुकलं का?"

"नाही हो. तुमचं काहीच नाही."

स्टँडवर भिवंडीची बस उभीच होती. ती चढली. हातात फक्त पर्स होती. विठू धावत जाऊन गाडीत बसला आणि बसच्या मागे निघाला. दुसरं काय करणार? मालकीण बसमध्ये बसलेली आणि रिकामी गाडी तिच्या मागे, असं दृश्य त्या रस्त्याने आधी कधी पाहिलं नसेल. बस थांबली की विठू थांबायचा. उतरणाऱ्यांमध्ये ताई दिसते का बघायचा. मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून आणि हिंदीत शिव्या देऊन त्याचा जीव नकोसा केला. अंबाडी नाक्यावर एक कंटेनर आडवा आला आणि बस पुढे गेली. त्याने ती भिवंडीच्या स्टँडवर गाठली, तेव्हा सगळे प्रवासी उतरून झाले होते. त्यांत विनिता नव्हती.

फोन बंद होता. दापोड्याच्या गोदामावर गेला तर गेटवरचा वॉचमन म्हणाला, "मॅडम तो कल ही गयी. नौकरी छोड दी. तुमको नहीं बताया?"

विठूने मान हलवली. काल त्यानेच तिला गेटवरून घरी सोडलं होतं. तेव्हा ती ट्रॅफिकबद्दल बोलत होती.

संध्याकाळी ती लांब राखाडी गाडी विठूच्या दारात उभी राहिली, तेव्हा अर्धं गाव गोळा झालं. गाडीचं तोंड अंगणात आणि शेपटी रस्त्यावर.

"कुणाची हाय?" बायजाबाईने विचारलं.

"ताईची."

"आनि ताई कुठे हाय?"

"माहीत न्हाय."

बायजाबाई गाडीकडे बघत राहिली. "माणूस हरवलं की गाडी सापडली, काय समजायचं मी?"

त्या प्रश्नाने विठूची झोप उडवली. बाईचं काही बरंवाईट झालं आणि गाडी आपल्या दारात, तर आपण काय सांगणार? सकाळी तो पोलीस चौकीवर गेला. हवालदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, गाडी चोरीला गेली म्हणून लोक येतात. तुम्ही गाडी आली म्हणून आलात. तक्रार कुणाविरुद्ध लिहू?"

विठूने विचार केला. "माझ्याविरुद्ध लिहिता येईल का?"

हवालदार हसला नाही. त्याने चहा मागवला आणि सांगितलं, बाई सज्ञान आहे, नोकरी सोडून गेली आहे, आधी तिच्या घरच्यांना विचारा.

म्हणून विठू भाविककडे गेला. दापोड्यात नवा बंगला, गेटवर दोन सिंह. भाविक बाहेर आला आणि गाडी बघून थबकला.

"विनिता सुखरूप हाय," तो आधी तेच बोलला. "मेसेज आलाय मला. नाशकात मैत्रिणीकडे गेलीय."

विठूच्या छातीवरचा दगड उतरला. त्याने चावी पुढे केली. "मंग ही तुम्ही ठेवा, शेठ."

"माझी न्हाय ती. बापानं, दादांनी, तिला दिली, मला न्हाय."

"तुम्ही नेऊन द्या तिला."

"मी गेलो तर ती दार उघडणार न्हाय." भाविकने मागचं दार उघडलं, आत बसला, समोरच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला. विठूला वाटलं, आता हा गाडी ठेवून घेणार. पण थोड्या वेळाने तो उतरला, दार हलकेच लावलं आणि म्हणाला, "घेऊन जा इथून." नाशिकचा पत्ता मात्र त्याने सांगितला.

जिची गाडी तिला नको, ज्याच्या बापाची त्यालाही नको. विठूने ती परत आपल्या दारात आणून लावली. गावातला धनेश म्हणाला, नवरदेवाच्या वरातीला भाड्याने लावू, सीझन आहे. शेजारणी म्हणाल्या, एक चक्कर मारून आण. विठूने कुणाला हातही लावू दिला नाही. बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून सुरू करायचा, कान देऊन बसायचा, दिवा पिवळ्याचा हिरवा झाला की बंद करायचा. आपल्याला काम गेल्याचं दुःख आहे, की ताईची काळजी आहे, की गाडीची भीती आहे, हे त्याला नीट ठरवता येईना.

शेवटी बायजाबाईनेच निकाल लावला. "उद्या नाशकाला जाऊ. मी पण येते. तू एकटा गेलास तर गाडी घेऊन परत येशील."

ती मागे बसली, अगदी कडेला, जणू कुणी उठवणार आहे. कसाऱ्याच्या घाटात गाडी जरा दमल्यासारखी वाटली म्हणून विठूने बटण दाबून पेट्रोल लावलं आणि ती झपकन पुढे गेली. बायजाबाईने दाराची मूठ घट्ट धरली. "आता काय केलंस?"

"खाणं बदललं."

गंगापूर रोडला एका सोसायटीच्या खाली विनिता भेटली. केस आखूड कापले होते. आधी गाडीकडे, मग विठूकडे आणि मग बायजाबाईकडे बघून तिचा चेहरा असा झाला, की ती रडणार की हसणार ते कळेना. तिने दोघांना वर नेलं आणि पोहे केले. मैत्रीण कामावर गेली होती.

बायजाबाईने सरळच विचारलं. "पोरी, न सांगता का गं गेलीस?"

"माहीत नाही, मावशी. बसमध्ये चढले तेव्हा भिवंडीपर्यंतच जायचं होतं. अंबाडीला उतरावंसं वाटलं. मग पडघ्याला आले, मग नाशिकची बस दिसली." तिने पोह्यांची ताटली बाजूला सरकवली. "वडिलांनंतर रोज त्या गेटमधून आत जात होते. एके दिवशी जाववेना. कारण विचारलंत तर मला सांगता येणार नाही."

"आनि गाडी ह्यांच्याकडेच का?"

"विठूदादांनी मला माझ्याबद्दल कधी काही विचारलं नाही."

हे कौतुक आहे की तक्रार, विठूला कळलं नाही. त्याने चावी टेबलावर ठेवली.

"ताई, गाडी तुमची हाय."

"मला चालवता येत नाही. तुम्हीच ठेवा. भाड्याने चालवा."

"नको. दारात उभी राहते तवा मला माझं घरच वळखत न्हाय." एवढं बोलून तो स्वतःच चमकला. मग म्हणाला, "शिका तुम्ही."

विठू आणि बायजाबाई काही दिवस तिथेच राहिले. बायजाबाईने मैत्रिणीचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि विठू विनिताला घेऊन एका मोकळ्या मैदानावर जाऊ लागला. शिकवणं त्याला अजिबात जमत नव्हतं. "आता सोडा," म्हणायचा, आणि क्लच की ब्रेक ते सांगायचं राहून जायचं. गाडी उडी मारून बंद पडायची. विनिता विचारायची, गिअर कधी बदलायचा? तो म्हणायचा, बदलावासा वाटला की. ती वैतागून स्टिअरिंगवर डोकं टेकवायची. एकदा तर दोघं असे भांडले, की बाजूला क्रिकेट खेळणाऱ्यांनी खेळ थांबवला.

पण तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती मैदानाला पूर्ण चक्कर मारून आली.

"दादा असते तर त्यांनी मला शिकू दिलं नसतं," ती म्हणाली. "म्हणायचे, मी आहे ना."

बाप चांगलाच होता, मग पोरीच्या आवाजात हे काय आहे? विठूने नुसतं सांगितलं, हँडब्रेक ओढा.

मग गाडी तिच्याकडे ठेवून दोघं बसने घरी परतले. पुढे विनिताने नाशकातच एका ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं आणि एका छोट्या बियाण्यांच्या कंपनीत नोकरी धरली. विठूला पडघ्याच्या एका शाळेची व्हॅन मिळाली. दारात गाडी उभी असायची त्या जागी बायजाबाईने वालाची वेल लावली.

दिवाळीनंतर एका दुपारी विठूचा फोन वाजला. विनिता पडघ्याला येऊन पोहोचली होती, पण आत गावाकडे वळायचा रस्ता सापडत नव्हता. विठू चालत फाट्यावर गेला. ती एकटीच स्टिअरिंगवर बसली होती, पाठीला घाम, पुढच्या बंपरला एक पोचा. तो पोचा कसा आला हे त्याने विचारलं नाही. त्याला चालवायला द्यावं म्हणून ती बाजूला सरकायला लागली, तशी त्याने तिथेच बसायची खूण केली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसला.

थोडं पुढे गेल्यावर, पहिल्यांदाच, त्याने तिला तिच्याबद्दल प्रश्न विचारला.

"ताई, आता बरं हाय का?"

समोरून एक ट्रॅक्टर येत होता, तो जाईपर्यंत तिने गाडी कडेला घेतली.

"बरं आहे की नाही ते कळत नाही, विठूदादा. पण सकाळी उठून कामाला जाते."

विठूने मान डोलावली. ती कशाला डोलावली, हे त्यालाही सांगता आलं नसतं. घराच्या वळणावर बायजाबाई हात पुसत उभी होती आणि लांबूनच ओरडून विचारत होती, भाकरी तांदळाची थापू की नाचणीची.