जाहिरात लागली तरी किंकाळी थांबली नाही

मंडळी, आपल्या भुताच्या मालिकेच्या आजच्या एपिसोडवर लिहितेय.

हडळ सुनेचे केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटते, तो सीन जबरदस्त. पण सून एवढी किंचाळते आणि अख्ख्या चाळीतून एक माणूस येत नाही? मी आईला म्हटलंसुद्धा, "काहीही दाखवतात! शेजारी काय बहिरे असतात का?"

तेवढ्यात साबणाची जाहिरात लागली. किंकाळी चालूच राहिली.

आमच्या दिवा स्टेशनजवळच्या बिल्डिंगमध्ये दुपारी घराघरांत हीच मालिका लागते, आणि भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा. शेजारून येणारी धपधप मी महिनाभर मालिकेचीच समजत होते.

धावत जाऊन शेजारचं दार बडवलं. शेजारणीच्या नवऱ्याने अर्धवट उघडलं. "टीव्हीचा आवाज आहे, ताई." त्याच्या मुठीत केसांचा पुंजका होता. मागे ती भिंतीला टेकून बसलेली, ओठ फाटलेला, गाउनवर रक्त.

आई पाणी भरायला काढलेला हंडा घेऊनच आलेली. तिने तो सरळ त्याच्या तोंडावर हाणला. मी शेजारणीला ओढून बाहेर काढलं.

पोलीस चौकीत जाऊन आलो. आता ती आमच्याकडे झोपलीय.

मागच्या आठवड्यात मी इथेच, आपल्या ग्रुपवर लिहिलेलं, "आवाज इतका खरा, की भिंतीतून येतोय असं वाटतं." तुम्ही सगळ्यांनी त्यावर बदाम टाकलेले.

झोपण्याआधी ती म्हणाली, "ताई, मी पण त्या ग्रुपवर आहे. वाचलेलं मी ते."