काळूरामची मोटार आणि जुडाहमिस्त्रींचा शनिवार

जुडाह आपटेकर कुणाचं कौतुक करत नसत. त्यांच्या ओटीवरच्या खोलीत मी तीन वर्षं भाड्याने राहिलो, पण "बरं झालं" यापलीकडे त्यांच्या तोंडून काही ऐकल्याचं मला आठवत नाही. मी तेव्हा पनवेलच्या पोस्टात कारकून होतो. जुडाहमिस्त्री मुंबईच्या एका कापडगिरणीत तीस वर्षं वायरमनचं काम करून परत आले होते आणि घराच्या पडवीत बसून लोकांच्या विजेच्या मोटारी, पंखे दुरुस्त करत होते. उंच, वाळका माणूस, डोक्यावर कायम काळी टोपी, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. मोटार समोर आली की आधी वाकून तिचा वास घ्यायचे. आतलं तारांचं वाइंडिंग जळलं असेल तर नाकाला कळतं, तपासणीचा दिवा लावून बघायची गरज पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. या नाकाचा त्यांना भारी गर्व होता आणि तो गर्व माझ्या डोक्यात जायचा. पण नाक चुकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे गप्प बसावं लागे.

त्यांच्या घराशी माझा आणखी एक संबंध होता. ती मंडळी इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, शनिवार कडक पाळणारी. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी संध्याकाळी आभाळात चांदण्या दिसेपर्यंत घरात कुणी चूल पेटवायचं नाही, विजेच्या बटनाला हात लावायचा नाही. ते बटन दाबायचं काम माझ्याकडे होतं. त्याच्या बदल्यात मिस्त्रींच्या बायको मिल्काबाई मला शुक्रवारी करून ठेवलेलं जेवण वाढत. या व्यवहारात फायदा सगळा माझाच होता.

सत्तावन्न सालच्या फेब्रुवारीत एका शुक्रवारी, दुपार कलताना, गव्हाणची सोनाबाई दारात आली. ती कोळीण. पनवेलच्या बाजारात मासळी विकायची आणि आठवड्यातून दोनदा मिल्काबाईंकडे यायची. इस्रायली घरात खवल्यांचीच मासळी चालते हे तिला पक्कं ठाऊक, म्हणून त्यांच्यासाठी बोय नाहीतर जिताडा वेगळा काढून आणायची. त्या दिवशी पाटी नव्हती. मागे तिचा दीर दिनानाथ आणि एक हमाल बांबूला लटकवून काहीतरी जड आणत होते. भरतीच्या पाण्यावर होडी बंदराला लागली होती आणि तिथून ते ओझं चालत आलं होतं. पडवीत टेकवलं तेव्हा दिसलं, जुनी मोटार होती, तपकिरी, चिकट, आणि घाण वासाची.

मोटार तिच्या नवऱ्याची. काळूराम मुंबईच्या गोदीत कामाला होता. तिथल्या भंगारातून त्याने ही मोटार विकत घेतली आणि आपल्याच होडीतून गावी आणली. गावात लाईट आला की पिठाची गिरणी टाकायची, म्हणजे बायांना जातं ओढायला नको, असं त्याच्या मनात होतं. लाईट काही आला नाही. गाव मात्र हसलं, काळ्याला गोदीवाल्यांनी लोखंडाचा गोळा विकला म्हणून. मग सहा वर्षांपूर्वी तो तापाने गेला. आता दिनानाथला होडीसाठी नांगर हवा होता. इतकं वजनदार लोखंड घरात पडून असताना नवा नांगर कशाला घ्यायचा, असा त्याचा रोकडा हिशेब. माणूस वाईट नव्हता, पण भावाची फजिती त्यालाही गावाइतकीच खरी वाटत होती. सोनाबाईने एवढंच कबूल करून घेतलं होतं की मोटार पाण्यात सोडायच्या आधी मिस्त्रींना दाखवायची.

"चालते का नाय, त्याचं मना काय नाय," ती जुडाहमिस्त्रींना म्हणाली. "माजा मानूस फसला व्हता का नाय, तेवढं सांगा."

दिनानाथ परतीच्या पाण्याला निघून गेला. रविवारी दुपारी येतो म्हणाला. तोवर सोनाबाई मिल्काबाईंकडे राहणार होती.

मिस्त्रींनी वाकून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग दांड्याला धरून फिरवून पाहिलं. दांडा जागचा हलेना. शेवटी त्यांनी आपला तपासणीचा दिवा काढला. साधा बल्ब, विजेच्या बोर्डातून जोडलेला, त्याच्या दोन मोकळ्या वायरी. एक वायर मोटारीच्या तारेला लावायची, दुसरी बाहेरच्या लोखंडाला. बल्ब विझलेला राहिला तर आतलं वाइंडिंग शाबूत. पेटला तर वीज मोटारीच्या अंगात उतरतेय, म्हणजे बहुतेक मोटार गेली. मी बल्बकडे पाहत होतो. तो पेटला. पूर्ण नाही, लालसर, मंद, पण पेटला.

सोनाबाई उभी होती. तिला बल्बचं काही कळत नव्हतं, पण मिस्त्रींचा चेहरा कळत होता. त्यांनी तोंड उघडलं, आणि नेमक्या त्याच वेळी आतून मिल्काबाईंनी हाक मारली की दिवे लावते आहे, हात धुऊन घ्या. मिस्त्रींनी पश्चिमेकडे पाहिलं, वायरी गुंडाळल्या आणि म्हणाले, "आता रविवारी." आणि आत गेले.

मला त्यांचा राग आला. एका शब्दाचं काम होतं. ती बाई सहा वर्षं थांबली होती, तिला आणखी दीड दिवस टांगून ठेवण्यात कसला आलाय धर्म, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना म्हणालोसुद्धा, की वायरी मी लावतो, बटन मी दाबतो, तुम्ही नुसतं बघा आणि बाईला सांगून टाका. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी माझ्या खोलीतून करून आणलेल्या चहाचा कप खाली ठेवला.

"बटन तू दाबशील," ते म्हणाले. "पण निकाल मलाच द्यावा लागेल ना? माझं काम तेच आहे. आज काम बंद."

मग तो शनिवार. प्रार्थनेहून आल्यावर मिस्त्रींना करायला काही नव्हतं. एरवी ते कुणाचं ऐकून घेत नसत. गिऱ्हाइकाने मोटारीबद्दल सांगायला सुरुवात केली की "ते मोटार सांगेल" म्हणून त्याला गप्प करायचे. पण हातात हत्यार नाही आणि समोर सोनाबाई बसलेली, तेव्हा ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पडवीत मोटारीचा वास भरून राहिला होता. मिल्काबाईंनी नाकाला पदर लावून विचारलं की हिला एवढी दुर्गंधी कशाची गं.

सोनाबाईला त्यात काही विशेष वाटलं नाही. मुशी माशाच्या काळजाचं तेल, ती म्हणाली. होडीच्या फळ्यांना लावतात तेच. खाऱ्या हवेत लोखंड राहत नाही, म्हणून तिचा नवरा दर वर्षी पावसाच्या आधी फडक्याने हे तेल मोटारीला चोपडायचा, आत बोट जाईल तिथपर्यंत. तो गेल्यावर तिने ते चालू ठेवलं. सहा वर्षं, एक वर्षही चुकवलं नाही. गावाला दिसू नये म्हणून माजघरात बसून लावायची.

मिस्त्री संतापले. तीस वर्षांत मोटारीला मासळीचं तेल लावलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. हे काय लाकूड आहे का, आत सुताने गुंडाळलेली बारीक तार असते, असं बरंच काही बोलले. सोनाबाईने मान खाली घालून ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली की तारा बाहेर निघतात ती डबी मात्र मी कधी तेलवली नाय. मालकांनी सांगितलं होतं, तिथं करंट येतो, तिथं हात लावायचा नाय.

मिस्त्री बोलता बोलता थांबले. ती जागा त्यांनी पुन्हा विचारली. नक्की तिथे कधीच नाही? कधीच नाही. मग ते उठून मोटारीपाशी गेले, हात पाठीमागे बांधून वाकले आणि त्या डबीकडे पाहत राहिले. डबीवर पांढरट मिठाचा थर होता, मलाही दिसला. मी काही विचारणार तर त्यांनी हातानेच थांबवलं आणि आत जाऊन पडून राहिले. झोपले नव्हते, दुपारभर कूस बदलत होते. संध्याकाळी चांदण्या दिसल्या, शनिवार सुटला, तरी त्यांनी मोटारीला हात लावला नाही. उद्या ऊन पाहिजे, एवढंच म्हणाले. सोनाबाईला त्या रात्री जेवण गेलं नाही.

रविवारी मी उठायच्या आत त्यांनी मोटार उघडून अंगणात मांडली होती. काम करता करता ते मला समजावत होते, हेही नवलच. मीठ फक्त डबीवर बसलंय, ते ओल धरतं, वीज त्या मिठावरून बाहेर उतरते म्हणून बल्ब मंद पेटला. आतल्या तारांना तेलाने खारी हवा लागूच दिली नाही. जळका म्हणून जो वास आला तो कुजलेल्या तेलाचा. दांडा अडकलाय तो तेल गोंदासारखं घट्ट झाल्यामुळे. त्यांनी डबी गोड्या पाण्याने धुतली, दांडा बसतो त्या जागा रॉकेलने साफ केल्या आणि सगळं उन्हात ठेवलं. अंगणात आठ-दहा मांजरं गोळा झाली. त्यांना हाकलण्याचं काम माझ्याकडे आलं आणि ते मी फार चांगलं केलं असं नाही.

दुपारी दिनानाथ आला तोवर मोटार जोडून झाली होती. मिस्त्रींनी बल्बच्या वायरी लावल्या. बल्ब विझलेला राहिला. त्यांनी जागा बदलून तीन वेळा तपासलं, तीनही वेळा विझलेला. मग मोटारीला वीज दिली. मोटार नुसती घुमली, फिरेना. दिनानाथने माझ्याकडे पाहिलं. मिस्त्रींनी बटन बंद केलं, सुतळीचा तुकडा काढला, पुलीला चार वेढे दिले आणि टोक सोनाबाईच्या हातात ठेवलं. जुन्या मोटारीला सुरुवातीला धक्का लागतो, म्हणाले, मी सांगेन तेव्हा ओढ.

बटन दाबलं, मोटार घुमली, सोनाबाईने जाळ्याचा दोर ओढावा तसा सर्रकन हात मागे घेतला. पुली फिरली, थोडी अडखळली, आणि मग एकसुरात धावू लागली. अंगणभर गरम मासळीच्या तेलाचा वास सुटला. सोनाबाई सुतळी हातात धरून खाली बसली आणि मोटार बंद होईपर्यंत उठली नाही. मिस्त्रींनी पाच मिनिटांनी बटन बंद केलं, वर हात ठेवून पाहिला आणि म्हणाले, "बरं झालं." दिनानाथने मोटार परत बांबूला बांधली, ती या वेळी गोणपाटात नीट गुंडाळून.

पुढच्या गुरुवारी जुडाहमिस्त्रींनी घरी मलिदा केला. इस्रायली लोक नवस फेडायला किंवा देवाचे आभार मानायला मलिदा करतात. पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, भोवती फळं, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना. लग्न ठरलं, आजारातून माणूस उठला, लांबच्या प्रवासाला निघालं की करतात. मोटारीसाठी मलिदा केल्याचं मिल्काबाईंनी ऐकलं नव्हतं. मोटारीसाठी नाहीच, असं मिस्त्रींनी सांगितलं आणि जास्त बोलले नाहीत. त्यांनी मला मुद्दाम गव्हाणला पाठवून सोनाबाईला आणि दिनानाथला बोलावून घेतलं.

खोली भरली होती. सोनाबाई उंबऱ्याशी अंग चोरून बसली, दिनानाथ बाहेर पडवीत. प्रार्थना झाली, पण ताट फिरायच्या आधी मिस्त्री उभे राहिले. या माणसाला मी चारचौघांत बोलताना प्रथमच पाहत होतो.

"शुक्रवारी दिवस आणखी पाच मिनिटं राहिला असता," ते म्हणाले, "तर मी या बाईला सांगून टाकलं असतं की तुझा नवरा फसला. शब्द माझ्या तोंडात आला होता. तो देवाने शनिवार पुढे करून अडवला, त्याबद्दल हा मलिदा. तीस वर्षं मी मोटारी पाहतोय. पण ही मोटार काळूराम कोळ्यांनी माझ्यापेक्षा जास्त नीट ओळखली होती, आणि माझ्यापेक्षा जास्त नीट सांभाळली."

दीड दिवस त्या बाईला टांगून ठेवलं म्हणून मी ज्याच्यावर चिडलो होतो, त्या माणसाच्या घरात मला राहायला मिळालं याबद्दल मला त्या क्षणी फार बरं वाटलं, आणि आजही वाटतं.

मिल्काबाईंनी पहिलं पान सोनाबाईपुढे ठेवलं. तिने त्याला हात लावला नाही. डोळे पुसले, मान वळवली आणि पडवीत बसलेल्या दिराला विचारलं, "आयकलंस?"

दिनानाथने डोक्यावरचं फडकं काढून मांडीवर ठेवलं.

"आयकलं, वैनी," तो म्हणाला.