मशीनचा आकडा कोण बदलतंय

"काका, झोपेत तुमचा श्वास तासाला अडतीस वेळा थांबतो," असं महाडच्या छातीच्या डॉक्टरीणबाई आमच्या ह्यांना सांगत होत्या, तेव्हा हे त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी काढत होते. मी कोपराने ढोसलं. बाईंनी परत सांगितलं. हे म्हणाले, "माझा कशाला थांबतोय? रात्रभर गाढ झोपतो मी. हिला विचारा."

मला काय विचारायचं? तीस वर्षं यांचं घोरणं ऐकतेय. घोरता घोरता मधेच सगळं चिडीचूप व्हायचं, मी श्वास धरून वाट बघायची, आणि मग एकदम हुंदका आल्यासारखा आवाज यायचा. घोरणारा माणूस म्हणजे दमलेला माणूस, असं आमच्याकडे समजतात. आजार कोण म्हणणार त्याला?

आजाराचं नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अॅप्निया. म्हणजे झोपेत घशाचा भाग सैल पडतो, हवेची वाट मिटते आणि श्वास अडतो. मग मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो. माणसाला सकाळी त्यातलं काही आठवत नाही, पण झोप झालेली नसते. ती दिवसा येते. जेवताना येते, बोलताना येते. ह्यांना गाडी चालवताना आली.

हे पोलादपूरहून महाबळेश्वरला जीप मारतात. आंबेनळी घाटातली वळणं त्यांना आमच्या अंगणासारखी पाठ. त्या दिवशी गाडी भरलेली होती आणि एका वळणाला डाव्या बाजूचं चाक कठड्याला घासलं. पुढे बसलेल्या बाईने ओरडून ह्यांचा हात धरला म्हणून बरं. घरी येऊन हे म्हणाले, "ब्रेक जरा उशिरा लागला." ब्रेकचं काही झालं नव्हतं. मला त्या बाईनेच सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी ह्यांना महाडला नेलं.

आधी डॉक्टरीणबाईंनी रात्री छातीला पट्टा आणि बोटाला चिमटा लावायचं एक छोटं यंत्र घरी दिलं. ती झाली स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची तपासणी. त्यातून हे अडतीस निघाले. मग सांगितलं, सीपॅप मशीन लावा. सीपॅप म्हणजे नाकावर मुखवटा लावायचा आणि मशीनमधून ठरावीक दाबाने हवा सोडायची, म्हणजे घशाची वाट मिटत नाही. दाब अकरावर ठेवला. आणि बाई शेवटी म्हणाल्या, "मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही. सकाळी मशीनवर आकडा दिसेल, तासाला किती वेळा श्वास अडला त्याचा. तो सलग पाचाच्या खाली राहिला, की बोलू."

खरं सांगते, मला तेव्हा बाईंचाच संशय आला. औषध नाही, सुई नाही, नुसती वारा घालायची पेटी. म्हटलं, हा कुणाकुणाचा धंदा असेल? मशीन देणारा माणूस तर दुसऱ्याच दिवशी दारात हजर. गोड बोलत होता फार. म्हणाला, "मावशी, ह्याच्यात सिम हाय. रिपोर्ट आपोआप वर जातो." वर म्हणजे कुठे, ते काही त्याने सांगितलं नाही.

पहिल्या आठवड्यात आकडा अडतीसावरून चौदावर आला. मला बरं वाटलं. पण तो तिथेच चिकटला. चौदा, पंधरा, तेरा, पुन्हा चौदा. आणि ह्यांची चुळबुळ सुरू झाली. स्टँडवरचे लोक रोज विचारायचे, गाडी कधी काढणार. ह्यांनी मला न विचारता त्यांना सांगून टाकलं, सोमवारपासून.

मी म्हटलं, "बाईंनी कुठं हो म्हटलंय?"

"बाई काय गाडीत बसणार हायेत?"

"आकडा चौदा हाय अजून."

"अडतीसला चालवत होतो गो मी. चौदा म्हणजे निम्म्याच्याही खाली आलाय."

असा ह्यांचा हिशेब. सोमवारला बारा दिवस होते. ह्यांना थांबवणं माझ्या हातात नव्हतं. निदान आकडा तरी खाली आणावा, असं माझ्या मनाने घेतलं.

मी सातवी शिकलेली बाई आहे, पण हातात फोन आल्यापासून मला गप्प बसवत नाही. शोधलं तर सापडलं. जगभरची माणसं आपापल्या मशीनचे आकडे स्वतः बदलतात, आणि कसे बदलतात ते दाखवतातही. मशीनवरची दोन बटणं एकदम दाबून धरली की डॉक्टरांसाठी असलेलं आतलं पान उघडतं. त्यात दाब असतो. मी विचार केला, अकराने चौदा राहतात, तर बाराने कमी होतील. विहिरीचा पंप जोरात चालवला तर पाणी जोरात येतं, एवढं सरळ माझ्या डोक्यात होतं.

हे दुपारी बाजारात गेले तेव्हा खोली झाडताना मी दाब बारा केला. कुणाला सांगितलं नाही. मुलीलाही नाही. ती मुंबईहून रोज फोन करते आणि सगळं काढून घेते, पण हे मी तिला लागू दिलं नाही.

आकडा सोळा झाला. मग मी साडेबारा केला. मग तेरा.

हे सकाळी उठले की पोट टम्म. ढेकरावर ढेकर. मला वाटलं वालाचं बिरडं बाधतंय, म्हणून ते बंद केलं. ह्यांच्या आवडीचं एक तेवढंच होतं, तेही गेलं. एका सकाळी हे मशीनच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ. अकरा सांगितलं होतं ना बाईंनी? तेरा दाखवतंय."

मी चूल फुंकत असल्यासारखं केलं. आमच्याकडे गॅस आहे, तरी.

"त्या मशीनवाल्याचं काम हाय," हे म्हणाले. "तिकडनं बसून वाढवतोय. सिम कशाला घातलंय मग?"

त्यांनी त्याला फोन लावला आणि जे काही बोलले ते इथे लिहिता यायचं नाही. तो बिचारा शपथा घेत होता, "काका, मी हात पण नाय लावला." मी शेजारी बसून तांदूळ निवडत ऐकत होते. आज लाज वाटते. पण तेव्हा माझ्या मनात वेगळाच किडा होता. दाब वाढवूनही आकडा खाली का येत नाही? म्हणजे हेच काहीतरी करतायत. मुखवटा काढून उशीखाली ठेवत असतील. नाहीतर माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला नुसतं मशीन चालू ठेवून झोपत असतील. मी मुखवट्याला हात लावून बघायची, आत ओल आहे का. एकदा तर वासही घेतला.

तर असं आमचं घर चाललं होतं. हे मशीनवाल्यावर डोळा ठेवून आणि मी ह्यांच्यावर.

सोमवार चार दिवसांवर आला तेव्हा मीच हट्ट धरून महाडची गाडी पकडली. ह्यांना म्हटलं, मशीनवाल्याची तक्रार बाईंकडे करू. त्यासाठी मात्र हे लगेच तयार झाले. मशीन पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसले, पुरावा असल्यासारखं.

बाईंनी मशीनमधलं नोंदीचं कार्ड काढून संगणकात लावलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काका, हे मशीन घरात किती जण वापरतात?"

"मी एकटाच."

"आणि हात किती जणांचे लागतात?"

बाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. कुठल्या दिवशी किती वाजता काय बदललं, सगळं तिथे होतं. दाब तीन वेळा वाढलेला, तिन्ही वेळा दुपारचा. "दुपारी काका मशीन लावून झोपत नाहीत," बाई म्हणाल्या. हे माझ्याकडे वळायला लागले होते, तेवढ्यात त्यांनी पुढचं पान काढलं. "आणि हा रॅम्प कुणी पंचेचाळीस केला?"

रॅम्प म्हणजे चढण. मशीन सुरू झालं की दाब एकदम अकरा होत नाही. चारपासून हळूहळू चढतो, म्हणजे माणसाला झोप लागेपर्यंत त्रास होत नाही. बाईंनी तो दहा मिनिटांचा ठेवला होता. ह्यांनी बटण फिरवून पंचेचाळीस केला होता, आणि रात्री जेव्हा जेव्हा जाग येईल तेव्हा मशीन बंद करून पुन्हा चालू करायचे, म्हणजे परत चारपासून सुरुवात. रात्रीतून पाच पाच वेळा.

मला क्षणात सगळं कळलं. ह्यांची जुनी खोड आहे, घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची. कितीदा भांडलेय मी त्यावरून. तसंच इथे. मशीन चालू दिसतं, वापराचे तास भरतात, पण जोर लावायची वेळच येऊ द्यायची नाही.

बाईंनी सांगितलं ते मी इथे मुद्दाम लिहिते, कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरी असंच चाललं असेल. मी दाब वाढवला, त्याने ह्यांच्या पोटात हवा जायला लागली आणि मुखवट्याच्या कडेने गळायला लागली. म्हणून हे जास्त वेळा जागे व्हायचे. जागे झाले की रॅम्प. रॅम्पवर दाब कमी, म्हणून श्वास अडायचा. सकाळी आकडा वाढलेला दिसला की मी पुन्हा दाब वाढवायची. "आणि काही माणसांमध्ये दाब जास्त झाला तर मेंदूच श्वास घ्यायची सूचना द्यायला चुकतो," बाई म्हणाल्या. "ते वेगळंच दुखणं ओढवून घेतलं असतंत."

मला वाटलं आता रागावतील. त्या म्हणाल्या, "तुम्ही आकडे बघता हे चांगलं आहे. बघा, लिहून ठेवा. काही बदलावंसं वाटलं तर मला फोन करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आठवडाभर थांबायचं. आणि एकमेकांपासून लपवायचं नाही. रक्तदाबाची गोळी तुम्ही काकांना चोरून दोन दिली असती का?"

नसती दिली. मशीनची हवा मला गोळी वाटलीच नव्हती.

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो.

मग हे म्हणाले, "तूच होतीस काय गो?"

"आणि तुम्ही?"

"त्या पोराला मी किती बोललो."

"ऐकत होते मी."

"ऐकत होतीस आणि तांदूळ निवडत होतीस. तुला निवडणुकीला उभी करायला पायजे."

मशीनवाल्याला ह्यांनी तिथूनच फोन केला. "चूक आमची हाय," एवढंच म्हणाले, पण म्हणाले.

सोमवार रद्द झाला. दाब पुन्हा अकरा, रॅम्प दहा. बाईंनी सांगितलं, दिवसा जागेपणी मुखवटा लावून बसा, सवय होईल. हे ओटीवर मुखवटा लावून वाल सोलायचे. येणाऱ्या जाणाऱ्याला वाटायचं, म्हातारा विमान चालवतोय. दोनेक आठवड्यांनी आकडा आठ झाला, मग सहा, मग चार. महिनाभर तो पाचाच्या खाली राहिल्यावर बाईंनी गाडीला परवानगी दिली, पण अट घालून. ज्या सकाळी आकडा वाढलेला असेल, त्या दिवशी घाट नाही.

आता ही अट कोण पाळणार? हे रोज सकाळी आतून ओरडून आकडा सांगायचे आणि मी वहीत लिहायची. "चार." "तीन." "चार." माझा विश्वास बसायचा नाही. हे अंघोळीला गेले की मी जाऊन पडदा बघून यायची. आकडा रोज बरोबर निघायचा. तरी बघायची. संशय हा एकदा घरात शिरला की काही दिवस राहतो, पाहुण्यासारखा.

मागच्या आठवड्यात ह्यांना सर्दी झाली होती. सकाळी सातला गाडी भरून निघायची होती, उमरठ गावच्या चार बायका वर महाबळेश्वरला जायच्या होत्या. हे खोलीतून बाहेर आले. आकडा ओरडले नाहीत. ओटीवर बसले आणि स्टँडवर फोन लावला.

"आज गाडी येणार नाय. दुसरी बघा." तिकडून काहीतरी विचारलं असावं. "गाडीला काय नाय झालं. रात्री माझी झोप नीट झाली नाय."

तीस वर्षांत मी ह्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं. चारचौघांत तर नाहीच. फोन ठेवून मला म्हणाले, "नऊ. लिही." मी लिहिलं.

मग हे अंघोळीला गेले. खोटं कशाला बोलू, मी आत जाऊन आलेच.

हे डोकं पुसत आले, मी वही मिटून बसले होते.

"बघून आलीस?"

"आले."

"किती?"

"नऊच."

"मग चहा टाक," हे म्हणाले, आणि मशीनचा मुखवटा धुवायला घेऊन गेले.