जीपखालचा शेंदूर

अंगण अर्धंच सारवून झालं होतं. चांगुणाबाईंचा हात शेणाच्या पाटीत असतानाच भुजंगनं जीप फाटकातून आत घेतली आणि ओसरीवरच्या खाटेवर सर्जेरावांचा गिलास वाजायला लागला. खाटेच्या लोखंडी पाइपावर स्टीलचा गिलास. ठण, ठण, ठण.

"आले, आले," म्हणत चांगुणाबाई तशाच उठल्या. पाणी पायजे? मान हलली, नको. चहा? नको. कूस बदलू? तेही नको. गाडी उभी राहिली आणि गिलासही थांबला.

"काकू, काकाला मी गाडी चालवलेली बघवत न्हाई, दुसरं काय," भुजंग हात धुता धुता म्हणाला. तो त्यांच्या धाकट्या दिरांचा मुलगा. पंच्याण्णवच्या होळीला सर्जेरावांचं उजवं अंग गेलं, सोबत वाचाही गेली, तेव्हापासून गाडी त्याच्याच हाती होती. चांगुणाबाईंनाही त्याचं म्हणणं पटायचं. ज्याचा जीव जीपमध्ये, त्याला ती दुसऱ्याच्या हाताखाली कशी बघवेल? तरी मनाला रुखरुख होतीच. हा माणूस काहीतरी मागतोय आणि आपल्याला ते देता येत नाही. देवापुढे दिवा लावताना त्यांचं एकच मागणं असायचं, यांना काय पाहिजे तेवढं मला कळू दे.

जीप जुनी, लष्कराच्या लिलावातली. तीर्थपुरीच्या अलीकडची ही वस्ती म्हणजे काळ्या मातीचं रान. पावसाळ्यात बैलगाडी आसापर्यंत रुतायची, तिथून सर्जेरावांची जीप चारही चाकं ओढत बाहेर निघायची. अडलेल्या बाया, पान लागलेली म्हणजे साप चावलेली माणसं, सगळी त्यांनी अंबडच्या दवाखान्यात पोचवली. अवसेला मात्र गाडी घरीच. चाकांमागं दगड लावायचे, ग्रीसगन, म्हणजे ग्रीस भरायची पिचकारी, घ्यायची आणि खाली शिरायचं. बाहेर आले की हात कपाळाला लावायचे. मग धुवायचं, नारळ फोडायचा, लिंबू-मिरची बांधायची. चांगुणाबाई हे सगळं चुलीपुढून बघत आलेल्या; खाली ते काय करतात ते तिथून दिसत नसे.

ते पडल्यावर अवस चुकवायची नाही हे बाईंनी मनाशी ठरवलं. त्या स्वतः जीपखाली गेल्या. पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जाणारे दोन लांब लोखंडी दांडे होते, त्यांच्या सांध्यांवर हरभऱ्याएवढी बोंडं. त्या बोंडांवर जुनं तेलकट काहीतरी माखलेलं दिसलं. हीच नमस्काराची जागा, असं समजून त्यांनी मारुतीला लावावा तसा तेलात कालवलेला शेंदूर एकेका बोंडाला लावला. दर अवसेला एक थर.

त्या दिवशीही अवसच होती, पण भुजंग अवसेलाही गाडी काढायचा. दुपारी सर्जेरावांचे जुने दोस्त बदरोद्दीन मिस्त्री त्यांना बघायला आले. ते बसले असतानाच भुजंग रानातल्या गड्यांना डबा पोचवायला गाडी घेऊन निघाला आणि गिलास पुन्हा वाजायला लागला. बदरोद्दीन गाडीकडे कान लावून बसले.

"वहिनी, गाडीत चिमणी कोन पाळली?"

"चिमणी?"

"चिक चिक आयकू न्हाई येत? ए भुजंग, थांब. मागं घे."

ते पोत्यावर आडवे होऊन खाली सरकले. नखानं एक बोंड खरवडलं.

"हितं मारुती बसवलाय व्हय?"

"मंग? हे दर आवसेला खाली जाऊन पाया पडत व्हते. हात कपाळाला लावायचे."

"घाम पुसत व्हता तो, वहिनी."

भुजंगची मान खाली गेली. "मला वाटलं काकूच ग्रीस करून राह्यल्या. दर आवसेला आत जायच्या, मंग मी कशाला पाहू?"

शेंदूर वाळून बोंडांची ग्रीस आत जायची भोकं बुजली होती. मागच्या सांध्यातून गंजाची लाल भुकटी गळत होती. आतल्या सुया कोरड्या घासून त्यांचं पीठ झालं होतं. सांध्यातला एक क्रॉस, म्हणजे दांडा जोडणारा चौफुलीसारखा तुकडा, गेला होता, बाकीचे वाचले होते. चांगुणाबाई खाटेपाशी गेल्या. "ह्येच सांगत व्हते का हो?" सर्जेरावांनी डोळे मिटले. एका डोळ्यातून पाणी कानाकडे गेलं.

बदरोद्दीननी भुजंगला पाठवून शहरातल्या मस्तगडहून नवा क्रॉस मागवला आणि बसवला, बुजलेली बोंडंही मोकळी केली. "आता तुम्हीच करा वहिनी, मी सांगतो," म्हणाले. खाट अंगणाच्या कडेला आणली. बाईंनी पदर खोचला. आधी रॉकेलच्या चिंधीनं बोंड स्वच्छ पुसायचं, नाहीतर धूळच आत ढकलली जाते. गन नीट बसवून दाबायची. सांध्याच्या चारी तोंडांतून जुनं काळं बाहेर येऊन नवं पिवळं दिसलं की बास. बोंड वर अडकलं तर दगड काढून गाडी हातभर ढकलायची, दांडा फिरून बोंड खाली येतं, मग दगड पुन्हा लावायचा. दांड्याचा सरकता भाग आला तशा बाई दाबतच राहिल्या, आणि गिलास एकदाच वाजला.

"थांबा म्हणतोय. तितं जास्ती भरलं तर सील उचलतं," बदरोद्दीन हसले.

बाईही हसल्या. लग्नानंतर त्यांनी नवऱ्याकडून काही शिकण्याची ती पहिली वेळ.

दुसऱ्या दिवसापासून गाडी गेली-आली तरी गिलास वाजेना. बाईंना आधी बरं वाटलं. मग त्या हातातलं काम टाकून खाटेकडे बघायला लागल्या. पाणी पायजे का? मान हलायची नाही. तेवढंच सांगायचं राहिलं होतं जणू. आषाढात जेवण सुटलं, आणि श्रावणाच्या पहिल्या सोमवारी, त्या महादेवाला पाणी घालून येईपर्यंत, सर्जेराव गेले.

पोळ्याची अवस आली. गावात बैलांच्या शिंगांना हिंगूळ लागला, घुंगरं वाजली. चांगुणाबाईंच्या घरी दुखवटा, सण नव्हता. त्यांनी चाकांमागं दगड लावले आणि खाली शिरल्या. पुसलं, दाबलं, काळं जाऊन पिवळं आलं. सरकत्या भागाशी त्या थबकल्या. ओसरीवरची खाट उभी करून ठेवलेली. काही वाजलं नाही. त्यांनी आपणच हात थांबवला.

बाहेर येऊन घाम पुसायला हात कपाळाला नेला आणि तिथंच बसून रडल्या.

भुजंग जवळ येऊन उभा राहिला. "काकू, पुढचा एक जॉइंट राह्यलाय ना?"

"राह्यलाय. गन रिकामी झाली." त्यांनी हात चिंधीला पुसले, पिशवी घेतली आणि ग्रीसचा डबा आणायला तीर्थपुरीच्या बाजाराकडे निघाल्या.