पेन्टेकॉस्टला आईचं लुगडं

"घट्ट खोच हं. मध्येच सुटलं तर आपली लाज जाईल."

ओल्गा आंटी म्हणाली. मी गुडघ्यांवर बसलेले. ओठांत तीन पिना. समोर तिची मुलगी टॅन्या दोन्ही हात वर करून उभी, आणि माझ्या मुठीत कासोटा. माझ्या आईच्या इरकली लुगड्याचा.

आपली, म्हणाली. माझ्या तोंडात पिना होत्या, नाहीतर विचारलं असतं की आंटी, आपली म्हणजे नक्की कुणाकुणाची.

चर्चच्या वेदीमागची खोली होती ती. फादर जिथे मिस्सेचे, म्हणजे मोठ्या उपासनेचे, कपडे चढवतात. पेन्टेकॉस्टचा रविवार, म्हणून फादरचा झगा लाल, वेदीवर लाल फुलं, खांबांना लाल कागदाच्या ज्वाळा. पवित्र आत्मा शिष्यांवर अग्नीच्या जिभांसारखा उतरला आणि ते वेगवेगळ्या भाषांत बोलायला लागले, तो हा दिवस. आमच्या माझगावच्या चर्चमध्ये या दिवशी सगळ्या मिस्सा बंद करून एकच मोठी मिस्सा होते. एरवी इंग्रजीवाल्यांची साडेआठला, पंख्याखाली. मराठीवाल्यांची दुपारी चारला, उन्हाच्या तोंडावर. या दिवशी सगळे एकत्र. आणि सात भाषांत सात प्रार्थना. सात जण आपापल्या पेहरावात ओळीने माईकपाशी जातात आणि एकेक प्रार्थना वाचतात. लोकांना फार आवडतं. मोबाईल वर होतात.

मराठीची प्रार्थना टॅन्या वाचणार होती. टॅन्याला धड मराठी येत नाही.

दोन आठवड्यांपूर्वी चर्चच्या कमिटीची मीटिंग झाली तेव्हा मी हात वर केला होता. पस्तीस वर्षांची बाई मी, पण शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला. म्हटलं, मराठीची मी वाचते. परळच्या एका हॉस्पिटलात मी केसपेपरच्या खिडकीवर बसते. सकाळपासून माईकवर नावं पुकारते. माझ्या आवाजावर अख्खी रांग उठते आणि बसते. आजवर एक पेशंट म्हणाला नाही की बाई, तुमचं कळलं नाही.

ओल्गा आंटी त्या कमिटीची मुख्य. गोड हसली. म्हणाली, "अगं, तुझी मराठी जरा तसली आहे ना. गावाकडची. चर्चमध्ये बरी नाय वाटत. टॅन्याचं प्रेझेंटेशन चांगलं आहे. तू असं कर, तिला लिहून दे. इंग्लिश अक्षरात. आणि शिकव."

तसली. फादर वहीत बघत होते.

तसली म्हणजे काय ते मला माहीत होतं. आम्ही नगरकडचे. माझा आजा गावकुसाबाहेरून उठला आणि येशूच्या देवळात येऊन बसला. त्याला वाटलं, इथे कुसू नाही. मग बाप मुंबईला आला, डॉकमध्ये लागला, आणि चर्चमध्ये आम्हाला मागची बाकं मिळाली. तिथे बसा असं कुणी सांगितलं नाही. पुढे बसलं की माणसं जरा सरकून बसायची, एवढंच. सरकलेली जागा आमच्यासाठी नसते, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

तरी मी लिहून दिलं. हे सांगायची मला लाज वाटते, पण खरं तेच सांगायचं तर लिहून दिलं. तीन दिवस डोकं लावून पाच ओळी लिहिल्या. त्यातली एक अशी होती: ज्यांचे हात तुझं हे मंदिर धुतात-पुसतात आणि जे मागच्या बाकांवर बसतात, त्यांचा आवाज तुला ऐकू येतो तसा आम्हालाही ऐकू येऊ दे. आंटीने अर्थ विचारला. मी सांगितला. तिने पेन्सिलीने ती ओळ खोडली. "निगेटिव्ह वाटतं गं. युनिटीचा दिवस आहे." त्या जागी लिहिलं, आम्ही सर्वांनी एकोप्याने राहावे. मी तेसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं.

मग आंटी म्हणाली, ड्रेपरीवाल्याची नऊवारी चकचकीत नाटकातली वाटते, तुझ्या आईकडे ओरिजिनल असेल ना? आईकडे एकच होती. काळी-तांबडी, रुंद काठाची इरकल. ईस्टरला आणि पेन्टेकॉस्टला नेसायची. आईने ट्रंकेतून काढली, हात फिरवला आणि दिली. म्हणाली, "देवाच्याच कामाला चाललीय."

आता टॅन्याबद्दल सांगते. इथे मी धुतल्या तांदळासारखी नाही.

टॅन्या आणि मी एकाच वर्षी जन्मलेल्या. माझ्या आईने मला टॅन्याच्या, आंटीने दिलेल्या जुन्या फ्रॉकमध्ये पहिल्या ख्रिस्तप्रसादाला उभी केली. टॅन्याचा आधीच्या वर्षी होऊन गेला होता. फ्रॉक घालून मी आत शिरले तेव्हा पुढच्या बाकावरून टॅन्या केवढ्याने ओरडली, "मम्मा, माय फ्रॉक!" तिच्या मनात काही नव्हतं. आठ वर्षांची होती. पण ख्रिस्तप्रसाद जिभेवर ठेवला तेव्हा मी येशूकडे एकच मागितलं, की टॅन्याचे सगळे फ्रॉक जळू देत.

तेव्हापासून मी तिच्यावर जळते. तिचं कॉन्व्हेंट, तिचे सरळ दात, तिचा पियानो, तिचं ते न घाबरता 'फादर, हाय' म्हणणं. ती क्वायरमध्ये गायची, मी मागे उभी राहून तिच्यापेक्षा वरच्या पट्टीत गायचे आणि कुणाला ऐकू जायचं नाही. बरं, ती वाईटही नाही. वाईट असती तर बरं झालं असतं. लिहिलेलं शिकवायला गेले तर मला म्हणाली, "यार, मला काय वाचतेय तेच समजत नाय. तूच का नाय वाचत?" मी म्हटलं, मम्मीला विचार. तिने काय विचारलं, विचारलं का नाही, मला माहीत नाही.

तर त्या दिवशी कासोटा माझ्या मुठीत होता. आणि मनात आलं. पीन लावायचीच नाही. नुसता खोचायचा, वरवर. माईकपर्यंत दहा पावलं. सातव्या-आठव्या पावलाला सुटेल. पंख्याखालच्या सगळ्या बायका बघतील. माझ्या छातीत गोड गोड झालं, शपथेवर सांगते. ज्याचं जळतं त्याला कळतं.

मग मी पीन लावली. दोन लावल्या. माया आली म्हणून नाही. लुगडं माझ्या आईचं होतं.

मिस्सा सुरू झाली. मी मागे आईशेजारी जाऊन बसले. आई जुन्या पाचवारीत. सणाच्या दिवशी, विटक्या निळ्या पाचवारीत, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. तिचं लुगडं पुढे वेदीजवळ खुर्चीत बसलं होतं.

माझ्या आईबद्दल एक सांगायला हवं. गेली तीस वर्षं वेदीवरची वस्त्रं ती धुते. ख्रिस्तप्रसादाचा कण ज्यावर पडलेला असू शकतो ती छोटी पांढरी वस्त्रं. त्यांचं पहिलं पाणी गटारात टाकायचं नसतं. तो नियम आहे. घमेल्यात धरून ठेवायचं आणि चर्चच्या अंगणातल्या मारियेच्या गुहेमागच्या मातीत ओतायचं. आई ते पाणी दोन्ही हातांनी उचलते, सांडू न देता, आणि ओतताना तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणते. तिच्या हातांना वेदीचं वस्त्र चालतं. मग तिच्या पोरीच्या तोंडाला माईक का चालत नाही, हा विचार मी तीस वर्षांत केला नव्हता. त्या रविवारी बाकावर बसून केला.

फादरनी प्रवचन इंग्रजीत केलं. आईला इंग्रजी कळत नाही. ती दरवर्षी एकत्र मिस्सेला येते, उभं राहायचं तेव्हा उभी राहते, गुडघे टेकायचे तेव्हा टेकते, आणि एका मराठी प्रार्थनेची वाट बघते. पाच ओळींची. वर्षातून एकदा. मला तेवढंच हवं होतं हो. त्या पाच ओळी तिने माझ्या तोंडून ऐकाव्यात. गुडघ्यांनी ती आता फार वर्षं चर्चच्या पायऱ्या चढणार नाही.

तिने मध्येच मला हळूच विचारलं, "फादर पेत्राचं सांगतायत ना?" म्हटलं, हो, येशूच्या त्या शिष्याचंच. तर म्हणते, "मासेवाला होता बिचारा. येशूला धरलं त्या राती शेकोटीपाशी बसलेला, तर तिथल्या लोकांनी बोलीवरनंच ओळखला त्याला. म्हणाले, तू त्या गालीलवाल्यांतलाच."

मी आईकडे बघतच राहिले. बोलीवरून धरलेला माणूस. त्याची भाषाही तसलीच होती की. आणि पेन्टेकॉस्टच्या दिवशी सगळ्या शहरासमोर उभं राहून बोलला कोण? तोच. कुणी त्याला म्हणालं नाही की तू लिहून दे, वाचेल दुसरा.

टॅन्या उठली. माईकपाशी गेली. कासोटा जागचा हलला नाही. तिने वाचलं, बरं वाचलं, मी शिकवलं होतं. शेवटी सगळ्यांनी म्हणायचं असतं, प्रभो, आमची प्रार्थना ऐक. कागदावर छापलेलं होतं. पुढची बाकं गप्प. म्हटलं ते फक्त आम्ही, मागच्या चार बाकांनी. आवाज एकदम मागून आला तशी पुढची माणसं वळून बघायला लागली, काय झालं म्हणून. मग पुढली प्रार्थना सुरू झाली.

मिस्सेनंतर अंगणात केक. पेन्टेकॉस्ट म्हणजे चर्चचा वाढदिवस, म्हणून आमच्याकडे दरवर्षी केक कापतात. सगळे टॅन्याबरोबर फोटो काढत होते. सो ट्रॅडिशनल, सो ट्रॅडिशनल. आई कागदी प्लेट धरून कडेला उभी. टॅन्याच्या पदराला क्रीम लागलं. ओल्गा आंटी तिथून आली आणि आईच्या दंडाला हात लावून म्हणाली, "बाई, घरी नेऊन तुम्हीच धुवा हां साडी. तुम्हाला सवय आहे."

आई मान डोलावणार होती. मला दिसलं, मान हलायला लागली होती.

मी म्हटलं, "टॅन्या, लुगडं सोड."

आंटी म्हणाली, "फोटो तरी होऊ दे."

"आत्ता सोड. फोटो लुगड्याचा हवा असेल तर लुगड्यावालीला बोलवा. ती बघा, इथे उभी आहे. तीस वर्षं इथेच आहे."

आंटीचा चेहरा लाल. ती जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू, "तू जेलस आहेस. लहानपणापासून. मला सगळं दिसतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं करायचं म्हणून बोलली ती. एरवी झालेही असते. पण तोंडून निघालं, "हो. आहे. मला तो माईक हवा होता. अजून हवाय."

बस. एवढंच. मला हलकं वाटलं वगैरे काही नाही. पण इतकी वर्षं जे पाप म्हणून कन्फेशनमध्ये फादरच्या कानात सांगत होते, ते मी भर अंगणात मोठ्याने सांगितलं आणि त्याची क्षमा मागितली नाही. टॅन्या आत गेली. जीन्स घालून आली. लुगडं नीट घडी करून माझ्या हातात दिलं. "सॉरी यार," म्हणाली. तिला माफ करायची मला घाई नव्हती.

घरी आल्यावर आई म्हणाली, "चारचौघांत शोभा केलीस."

सोमवारी ड्युटीच्या आधी मी आईकडे धुवायला आलेली वेदीच्या वस्त्रांची पिशवी घेतली आणि चर्चला गेले. सकाळची मिस्सा संपली होती. फादर एकटेच होते त्या खोलीत. मी पिशवी टेबलावर ठेवली.

"आई आजारी आहे का?" फादरनी विचारलं.

"नाही. धुतलेलं नाही."

त्यांना कळेना. मी म्हटलं, "फादर, पुढच्या पेन्टेकॉस्टला मराठीची प्रार्थना मी वाचणार. मी लिहिलेली. खोडलेल्या ओळीसकट."

फादर पिशवीकडे बघत म्हणाले, "आपण कमिटीला विचारू."

"विचारा. तोवर वस्त्रं कमिटीला धुऊ द्या. पहिलं पाणी गटारात टाकायचं नाही, तेवढं सांगा त्यांना."

आई माझ्याशी आठवडाभर धड बोलली नाही. ते देवाचं काम होतं, त्या बायांचं नव्हतं, असं तिचं म्हणणं. तिचं चुकीचं नाही. मी तिला म्हटलं, देवाला घरी बोलव, तुझ्या हातचं पाणी तो मोरीतूनही घेईल. ती पाठ फिरवून झोपली.

कमिटीने अजून काही कळवलेलं नाही. टॅन्या रस्त्यात भेटली की हाय म्हणते. मी अजून जळते. गेलं नाही ते, आणि मी घालवणारही नाही. लुगड्यावरचा क्रीमचा डाग मी स्वतः धुतला. घडी माझ्या ट्रंकेत आहे, कुणी मागायला आलं तर चावी माझ्याकडे आहे.

रोज संध्याकाळी कामावरून आले की मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते आणि पाची ओळी म्हणते. हॉस्पिटलात नावं पुकारते त्याच आवाजात. माझ्याच बोलीत. आई भाकऱ्या थापत असते, मान वर करत नाही. काल खोडलेली ओळ म्हणताना मी एक शब्द गाळला. तव्याकडे बघतच ती म्हणाली, "धुतात-पुसतात. पुसतात राहिलं."

मी पहिल्यापासून म्हटली. कमिटीने हो म्हणू दे, नाही म्हणू दे. त्या दिवशी आई इरकल नेसून पहिल्या बाकावर बसेल आणि मी माईकपाशी जाईन.